सोसायटीची सभा झूमवर: हॉलमधला लॅपटॉप, माइक आणि टीव्ही नीट कसा लावायचा

निम्मे सभासद हॉलमध्ये आणि निम्मे झूमवर, अशी सभा आता बऱ्याच सोसायट्यांमध्ये होते. कुणी बदली होऊन नागपूरला असतं, कुणी मुलाकडे न्यू जर्सीत, कुणाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. पण "माझा आवाज येतोय का?" यातच पहिली वीस मिनिटं जातात. हॉलमध्ये शिट्टी वाजते, घरच्यांना नुसती पंख्याची घरघर ऐकू येते आणि नेमका ठराव मांडताना मीटिंग बंद पडते.

याचं मुख्य कारण क्रम उलटा असणं. आधी कॅमेरा लावला जातो, मग टीव्ही जोडतात, मग लिंक पाठवतात आणि आवाजाचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. चित्र धूसर असलं तरी सभा चालते. आवाज गेला की घरी बसलेल्यांसाठी सभा तिथेच संपते. म्हणून या लेखात आवाजाला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कॅमेऱ्याला थोडी.

पुढची माहिती विंडोज ११ चा लॅपटॉप आणि झूमचं डेस्कटॉप ॲप (याचं आताचं नाव ‘झूम वर्कप्लेस’) धरून दिली आहे. झूमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये बटणांच्या जागा थोड्या हलतात, नावं साधारण तीच राहतात. हॉलमधली मीटिंग मोबाइलवरून चालवू नका. मध्येच फोन आला की आवाज तुटतो, आणि यादी, चॅट, सभासदांचे चेहरे हे सगळं त्या स्क्रीनवर एकाच वेळी दिसत नाही.

## टप्पा १: माणसं आणि खातं (नोटीस काढण्याआधी)

सचिवांनी सभा चालवायची आणि लॅपटॉपही सांभाळायचा, ही पहिली चूक. लॅपटॉपवर एक स्वतंत्र माणूस हवा आणि त्याने सभेत बोलायचं नाही. दुसरा मदतनीस घरून, स्वतःच्या इंटरनेटवरून जोडलेला असावा. हॉलमधला आवाज बाहेर कसा जातोय हे फक्त त्यालाच कळतं.

खातं सोसायटीच्या ईमेलवर काढा, सचिवांच्या खाजगी ईमेलवर नको. समिती बदलली की पासवर्ड, रेकॉर्डिंग आणि हजेरीचे अहवाल सगळंच जुन्या माणसाकडे अडकून पडतं.

फुकटच्या खात्यात मीटिंग ४० मिनिटांनी आपोआप बंद होते. त्याच लिंकवर पुन्हा येता येतं, पण सगळ्यांना आत घेणं आणि गणपूर्ती मोजणं पुन्हा पहिल्यापासून. वार्षिक सभा ४० मिनिटांत होत नाही, तेव्हा एका महिन्यासाठी ‘प्रो’ हे पैसे भरून मिळणारं खातं घ्या आणि घेतल्या घेतल्या ऑटो-रिन्यूअल (मुदत संपली की आपोआप पुन्हा पैसे कापले जाणं) बंद करा. गूगल मीटवर फुकटात गटाला ६० मिनिटं मिळतात. समितीच्या छोट्या बैठकीला तेवढी पुरतात.

झूमच्या फुकट आणि प्रो दोन्ही खात्यांत १०० जणांची मर्यादा आहे आणि हॉलचा लॅपटॉपही त्यात धरला जातो. एका घरातून दोन फोन जोडले की दोन जागा गेल्या. दीडशे फ्लॅटची सोसायटी असेल तर ‘एका फ्लॅटमधून एकच जोडणी’ असं नोटिशीतच लिहा.

तपासा: सोसायटीच्या खात्याने हॉलच्या लॅपटॉपवर आधीच एकदा लॉगिन करून बघा. नव्या कॉम्प्युटरवर झूम ईमेलवर कोड पाठवू शकतं. तो ईमेल ज्याच्या फोनवर उघडतो तो माणूस सभेच्या वेळी गावाला गेलेला असला तर सगळं तिथेच अडतं.

## टप्पा २: इंटरनेट

गटाच्या मीटिंगसाठी झूमला साधारण १ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणारा वेग, आणि ०.६ एमबीपीएस डाउनलोड, म्हणजे आपल्याकडे येणारा वेग, पुरतो. ७२०पी म्हणजे जास्त स्पष्ट चित्र हवं असेल तर २.६ आणि १.८. नुसत्या आवाजाला तर ०.१ एमबीपीएससुद्धा लागत नाही. म्हणजे वेग सहसा पुरतो, अडतं ते नेट तुटक असण्यामुळे. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एखाद्या सभासदाचं वायफाय ‘दोन काड्या’ दाखवतं आणि त्यावर विसंबून सभा लावली जाते.

१. शक्यतो केबल ओढा. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची लॅन केबल १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. दोन मजल्यांचं अंतर तिच्यासाठी काहीच नाही. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर घ्या.

२. केबल शक्यच नसेल तर राउटर हॉलमध्ये आणा आणि लॅपटॉप ५ गीगाहर्ट्झच्या वायफायच्या नावावर जोडा. त्याचा पल्ला कमी असतो, पण शेजारच्या वायफायची गर्दीही कमी असते.

३. पर्याय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट वेगळ्या कंपनीच्या सिमवर तयार ठेवा आणि लॅपटॉपला तो आधीच एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही. वर दिलेल्या १ आणि ०.६ एमबीपीएसच्या हिशोबाने तासाला साधारण ७२० एमबी डेटा जातो.

४. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र बंद पडतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याला छोटा राउटर-यूपीएस लावा. यूपीएस घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलं आहे ते वाचा. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्ट दिले तर तो सारखा बंद-चालू होत राहील.

तपासा: स्पीड टेस्ट सभेच्याच वाराला आणि वेळेला करा. रविवारी सकाळी ११ ला आलेला आकडा रात्री ९ च्या सभेला उपयोगी नाही. डाउनलोडकडे नका बघू, अपलोड बघा.

## टप्पा ३: ॲप बसवणं आणि विंडोजच्या परवानग्या

झूमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच ॲप उतरवा. सर्चमध्ये सगळ्यांत वर ‘जाहिरात’ लिहिलेले दुवे येतात, ते उघडू नका. तिथून नकली इन्स्टॉलर येण्याचा धोका असतो. ॲप आधीपासून असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक करून ‘चेक फॉर अपडेट्स’ करा, पण ते सभेच्या आदल्या दिवशी. सभेच्या पाच मिनिटं आधी अपडेट सुरू करू नका.

मग विंडोजची ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ मध्ये जा. तिथे ‘कॅमेरा’ आणि ‘मायक्रोफोन’ या दोन्ही पानांवर सगळ्यांत खाली डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारा एक वेगळा स्विच असतो. वरचे स्विच चालू करून लोक पान बंद करतात, खालचा राहून जातो आणि झूमला कॅमेरा सापडतच नाही. कॅमेऱ्यासमोर सरकतं झाकण किंवा कीबोर्डवर कॅमेरा बंद करणारं बटण आहे का, तेही बघा.

‘पॉवर’ मध्ये चार्जर लावलेला असताना स्क्रीन आणि स्लीप दोन्ही ‘नेव्हर’ करा. विंडोज अपडेट एका आठवड्यासाठी ‘पॉज’ करा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा आणि डेस्कटॉपवरचं व्हॉट्सॲप बंद करा, नाहीतर ताळेबंद दाखवताना कुणाचा तरी खाजगी मेसेज साठ घरांत दिसेल.

## टप्पा ४: आवाज

सभेआधी हॉलमध्ये एक तालीम करा आणि तिच्यातला निम्मा वेळ यावर घालवा. आधी एक नियम: हॉलमधून झूममध्ये आवाज जाण्याचा रस्ता एकच, आणि झूममधून हॉलमध्ये येण्याचा रस्ताही एकच. हॉलमध्ये बसलेल्या कुणीही स्वतःच्या फोनवरून आवाजासकट जोडायचं नाही. एकाच खोलीत दोन उपकरणांचे माइक-स्पीकर चालू असले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरतो, तिथून परत पहिल्यात, आणि शिट्टी वाजते.

### हॉलमध्ये पंधरापर्यंत माणसं असतील तर

लॅपटॉपचा स्वतःचा माइक समोर बसलेल्या एका माणसासाठी असतो. फरशी, भिंती आणि काचा असलेल्या रिकाम्या हॉलमध्ये तो चार फुटांवरच्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त उचलतो. म्हणून यूएसबी स्पीकरफोन घ्या. माइक आणि स्पीकर एकाच डबीत असतात आणि प्रतिध्वनी कापायची सोय आतच असते.

पण तोही साधारण चार-सहा माणसांच्या टेबलापुरताच. म्हणून हॉलमध्ये बोलण्याची खुर्ची ठरवा. स्पीकरफोन त्या खुर्चीसमोर, तोंडापासून हात-दीड हातावर. ज्याला बोलायचं त्याने तिथे येऊन बसायचं, फ्लॅट क्रमांक सांगायचा आणि बोलायचं. जागेवरून उठून बोललेलं घरच्यांपर्यंत पोचत नाही, हे अध्यक्षांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं आणि तीन तास पाळावं. सुरुवातीला लोक कुरकुर करतात, पण एका वेळी एकच माणूस बोलत असल्यामुळे हॉलमधली सभासुद्धा सुधारते.

त्या खुर्चीवरचा छताचा पंखा बंद ठेवा. बाजूचे चालू राहू द्या. पंख्याचा वारा थेट माइकवर आला की झूम तो गोंगाट समजून दाबायला जातं आणि बोलणाऱ्याचे शब्दही अर्धवट कापले जातात.

ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडसेट जोडू नका. विंडोजमध्ये ब्लूटूथचा माइक चालू झाला की बहुतेक उपकरणं ‘हँड्स-फ्री’ पद्धतीवर जातात आणि ऐकू येणारा आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. मोबाइलचे एकाच पिनेचे इअरफोन डेस्कटॉपच्या पीसीला लावले तर ऐकू येईल, पण माइक चालणार नाही. पीसीला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, त्यासाठी एकाचे दोन करणारी स्प्लिटर वायर लागते.

### हॉलमध्ये ॲम्प्लिफायर, हातातले माइक आणि भिंतीवर स्पीकर असतील तर

सगळ्यांत जास्त गोंधळ या ठिकाणी होतो.

धोका: ॲम्प्लिफायरमागचे स्पीकरचे स्क्रू-टर्मिनल लॅपटॉपला कधीही जोडू नका. भिंतीवरच्या स्पीकरांसाठी तिथे ७० किंवा १०० व्होल्टची लाइन असू शकते. लॅपटॉप क्षणात जळेल आणि माणसालाही झटका बसू शकतो. आवाज घ्यायचा तो फक्त ‘लाइन आउट’ लिहिलेल्या भोकातून.

लाइन आउटचा आवाजही लॅपटॉपच्या माइकच्या भोकात सरळ घातला तर फाटतो, कारण ते भोक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतं. मध्ये ‘लाइन’ इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारी डबी) लावा.

आता मुख्य अडचण. लॅपटॉपचा आवाज ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ या बाहेरचा आवाज घेणाऱ्या भोकात घातला आणि लाइन आउट परत लॅपटॉपला जोडलं, तर घरून बोलणाऱ्याचा आवाज ॲम्प्लिफायरमधून फिरून परत झूममध्ये जातो. बोलणाऱ्याला स्वतःचंच वाक्य अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं आणि तो अडखळतो. यावर दोन उपाय:

१. मिक्सर (अनेक माइकांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करून एकत्र करणारं यंत्र) नसेल तर: लॅपटॉपचा आवाज ॲम्प्लिफायरमध्ये घालूच नका. घरच्यांचा आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून ऐका. ॲम्प्लिफायर फक्त हॉलच्या माइकसाठी, आणि त्याचं लाइन आउट झूमसाठी. घरून कुणी बोलत असताना हातातला माइक त्याच्या बटणाने बंद करा. ही सगळ्यांत कमी तारांची पद्धत आहे आणि बहुतेक सोसायट्यांना हीच पुरते.

२. छोटा मिक्सर असेल तर: त्याच्या ‘ऑक्स सेंड’ मधून, म्हणजे निवडक चॅनेलचाच आवाज वेगळा बाहेर देणाऱ्या भोकातून, यूएसबी इंटरफेसला तार न्या. माइकांच्या चॅनेलवरचं ऑक्सचं बटण वर करा आणि लॅपटॉपच्या चॅनेलवरचं ऑक्सचं बटण पूर्ण शून्यावर ठेवा. हॉलचे स्पीकर मेन आउटवरच (सगळे आवाज एकत्र बाहेर देणारं भोक) राहू द्या. आता हॉलला सगळं ऐकू येतं आणि झूमला फक्त हॉलचे माइक. स्वस्त मिक्सरच्या यूएसबीतून बहुधा मेन मिक्स जातं, त्यात लॅपटॉपचा आवाजही असतो. म्हणून ती सोपी दिसणारी यूएसबी तार इथे कामाची नाही.

सतत ‘हंऽऽ’ असा बारीक गुणगुणाट येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा आहे. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर तारेत ग्राउंड-लूप आयसोलेटर (हा गुणगुणाट अडवणारी छोटी डबी) लावा. चार्जरची अर्थची पिन मोडून काढणे हा उपाय नव्हे.

### झूममधली आवाजाची सेटिंग

यूएसबी उपकरण आधी जोडा, झूम नंतर उघडा. ‘सेटिंग्ज’ मधल्या ‘ऑडिओ’ पानावर:

- ‘स्पीकर’ आणि ‘मायक्रोफोन’ दोन्ही यादीतून नावाने निवडा. ‘सेम ॲज सिस्टिम’ वर ठेवू नका. एचडीएमआय तारेने टीव्ही जोडला की विंडोज बहुतेक वेळा आवाज आपोआप टीव्हीवर वळवतं आणि ‘सेम ॲज सिस्टिम’ त्याच्या मागे जातं.
- ‘टेस्ट स्पीकर’ आणि ‘टेस्ट माइक’ दाबून प्रत्यक्ष ऐका. नेहमीच्या आवाजात बोलताना पट्टी दोन-तृतीयांशापर्यंत उडावी, उजव्या टोकाला भिडू नये.
- मिक्सर किंवा लाइन आउट वापरत असाल तर माइकचा आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची खूण काढा. नाहीतर कुणी दोन मिनिटं गप्प बसलं की झूम माइक वाढवत नेतं आणि पुढचं वाक्य दणक्यात जातं.
- गोंगाट दाबण्याची पातळी ‘हाय’ करू नका. खुर्चीपासून लांब बोलणारा हळू आवाजही त्यात गोंगाट ठरून कापला जातो.
- मीटिंगमध्ये शिरताच कॉम्प्युटरचा ऑडिओ आपोआप जोडण्याची खूण लावा.

तपासा: हॉलमध्ये एकजण बोलण्याच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचेल. घरच्या मदतनीसाने तो ऐकून प्रत्येक आकडा आणि नाव परत सांगायचं. ‘येतोय आवाज’ एवढ्यावर समाधान मानू नका. मग मदतनीस बोलेल आणि त्याला स्वतःचा आवाज परत येतोय का हे सांगेल. दोन्ही जमेपर्यंत पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ५: टीव्ही आणि कॅमेरा

टीव्ही जोडल्यावर विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, ‘डुप्लिकेट’ नको. झूमच्या सेटिंगमध्ये दोन मॉनिटर वापरण्याची खूण लावा. मग टीव्हीवर सभासदांचे चेहरे आणि लॅपटॉपवर यादी, चॅट, बटणं असं वेगळं राहतं. डुप्लिकेट केलं तर वेटिंग रूममधली (आत घेईपर्यंत सभासद जिथे थांबतात ती जागा) नावं आणि खाजगी चॅटसुद्धा सगळ्या हॉलला दिसतं.

ताळेबंद दाखवताना एक चूक हमखास होते. स्वतः शेअर केलेली खिडकी स्वतःच्या झूममध्ये दिसत नाही. पीडीएफ लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठेवून शेअर केली तर घरच्यांना दिसते, हॉलमधल्यांना दिसत नाही. पीडीएफची खिडकी ओढून टीव्हीवर न्या आणि तीच खिडकी शेअर करा. आकडे १५० टक्के मोठे करा. तरीही फोनवर बघणाऱ्याला ते वाचता येत नाहीत, म्हणून पीडीएफ आदल्या दिवशीच ग्रुपवर पाठवा.

कॅमेरा बोलण्याच्या खुर्चीवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा, अख्ख्या हॉलवर नको. पाठीमागे उघडी खिडकी नको, चेहरा काळा पडतो. वेबकॅमची साधी यूएसबी २.० तार एकूण ५ मीटरपेक्षा लांब नसावी, जास्त लांब तारेवर कॅमेरा मध्येच गायब होतो.

## टप्पा ६: मीटिंग ठरवणं आणि नोटीस

मीटिंग ‘शेड्यूल’ करा. पर्सनल मीटिंग आयडी वापरू नका, तो कायमचा असतो आणि गेल्या वर्षीची लिंक असलेला कुणीही आत येऊ शकतो. टाइम झोन भारताचा निवडला आहे का बघा. पासकोड आणि वेटिंग रूम चालू, आत येताना सगळे म्यूट, होस्टच्या (मीटिंग चालवणाऱ्या खात्याच्या) आधी प्रवेश बंद.

आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी जायला हवी, म्हणजे लिंकही तेव्हाच तयार लागते. नोटीस निघाल्यावर ती मीटिंग पुसून नवी करू नका, लिंक बदलते. झूमवरच्या सभासदांची हजेरी आणि मतं कशी धरायची हे उपविधी आणि निबंधकांच्या सूचना पाहून सचिवांनी नोटिशीआधीच ठरवावं.

परदेशातल्या सभासदांसाठी वेळ लिहूनच द्या. सप्टेंबरमध्ये भारतातले संध्याकाळचे ७:३० म्हणजे दुबईत ६, लंडनमध्ये दुपारचे ३, न्यू जर्सीत सकाळचे १०. तीच सभा डिसेंबरमध्ये असेल तर लंडनमध्ये २ आणि न्यू जर्सीत ९, कारण हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात. दुबई तिथेच राहते.

ग्रुपवरचा मेसेज असा ठेवा:

“सभेची लिंक खाली दिली आहे. नावाच्या जागी आधी विंग-फ्लॅट क्रमांक आणि मग आडनाव लिहा, उदाहरणार्थ ए-३०२ जोशी. नुसतं ‘आयफोन’ किंवा ‘गॅलेक्सी’ नाव असलेल्यांना आत घेता येणार नाही. मोबाइलवर ऑडिओसाठी विचारलं की ‘वायफाय ऑर सेल्युलर डेटा’ दाबा, ते न दाबल्यास आवाज येणार नाही. एका घरात दोन फोन असतील तर एकाचा आवाज पूर्ण बंद ठेवा. ७ पासून प्रवेश सुरू.”

फ्लॅट क्रमांक आधी लिहिण्याचं कारण साधं आहे: हात वर केलेले आणि माइक चालू असलेले सोडले तर बाकीची यादी नावाच्या अक्षरक्रमाने लागते. विंगप्रमाणे हजेरी घेता येते.

## टप्पा ७: सभेचा दिवस

६:३० ला लॅपटॉप रीस्टार्ट करा, तारा जोडा, मग झूम उघडा आणि टप्पा ४ ची तपासणी पुन्हा करा. खालच्या माइकच्या चिन्हाशेजारच्या बाणातून योग्य माइक-स्पीकर निवडला आहे याची खात्री करा. तिथे माइकऐवजी हेडफोनचं चिन्ह दिसत असेल तर ऑडिओ जोडलेलाच नाही.

७ ला घरचा मदतनीस आत आला की त्याला को-होस्ट (होस्टच्या जोडीने मीटिंग सांभाळणारा) करा. ही सोय पैसे भरलेल्या खात्यात मिळते. हॉलचं नेट गेलं तरी सभा त्याच्याकडे चालू राहते. मग नावं बघून एकेकाला आत घ्या. ‘ॲडमिट ऑल’ दाबायचा मोह टाळा.

‘होस्ट टूल्स’ मधून स्क्रीन शेअर करण्याची मुभा फक्त होस्टला ठेवा. अहवाल वाचताना अल्ट आणि एम दाबून सगळ्यांना म्यूट करा आणि स्वतःहून अनम्यूट होण्याची परवानगी काढा. चर्चेला ‘रेज हँड’ करणाऱ्याला क्रमाने ‘आस्क टू अनम्यूट’ पाठवा. तुम्ही पाठवलं म्हणून माइक चालू होत नाही, समोरच्याने त्याच्या स्क्रीनवरची विचारणा मान्य करावी लागते. अध्यक्षांनी तेवढं थांबावं: “बी-५०४, तुमच्या स्क्रीनवर अनम्यूट आलंय, दाबा.”

हॉलमधून दोन, घरून एक, असा बोलण्याचा क्रम लॅपटॉपवरच्या माणसाने कागदावर लिहून अध्यक्षांसमोर ठेवावा. नाहीतर घरचे हात तासभर वर राहतात आणि लोक सभा सोडून जातात. हे बिघाडापेक्षाही जास्त वेळा घडतं.

ठरावाला हात मोजून झाल्यावर ‘लोअर ऑल हँड्स’ दाबल्याशिवाय पुढचा ठराव घेऊ नका. आधीच्या ठरावाचे राहिलेले हात पुढच्यात मोजले जातात आणि मग इतिवृत्तावर वाद होतो.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तसं सांगा. लॅपटॉपवर निदान १० जीबी जागा मोकळी ठेवा.

## टप्पा ८: मध्येच बिघडलं तर

बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज परत येतोय. दोष त्याच्याकडे नाही, समोरच्या कुणाकडे तरी आहे. ज्याला घुमणारा आवाज ऐकू येत नाही, त्याच्याच स्पीकरचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतोय. यादीत कुणाचे माइक चालू आहेत ते बघा आणि एकेक म्यूट करा. ज्याच्या म्यूटने घुमणं थांबलं तो सापडला. त्याला इअरफोन लावायला सांगा. सगळे म्यूट असूनही थांबलं नाही तर दोष हॉलचा आहे, टप्पा ४ मधला ऑक्सचा रस्ता बघा.

हॉलमध्ये शिट्टी. आधी हॉलच्या स्पीकरचा आवाज खाली, मग प्रश्न. नंतर हॉलमध्ये कुणी फोनवरून जोडलंय का ते यादीत शोधा.

आवाज तुटतोय. आधी हॉलच्या लॅपटॉपचा व्हिडिओ अल्ट आणि व्ही ने बंद करा. तेवढ्याने सुधारलं नाही तर हॉटस्पॉटवर जा. झूम काही सेकंदांत स्वतः परत जोडतं, मीटिंग ‘एंड’ करू नका.

घरच्यांना एकदम काहीच ऐकू येईना. दहापैकी आठ वेळा हातातल्या माइकचे सेल संपलेले असतात किंवा यूएसबी तार पायाने ओढली गेलेली असते. तारा जमिनीला टेपने चिकटवा आणि नवे सेल खिशात ठेवा.

कॅमेरा दुसरं ॲप वापरतंय असा संदेश. ब्राउझरमध्ये मीट किंवा टीम्सची जुनी टॅब उघडी असेल, ती बंद करा.

## टप्पा ९: सभा संपल्यावर

चॅटमधल्या तीन टिंबांतून चॅट आधी साठवा, मग ‘एंड मीटिंग फॉर ऑल’. त्यानंतर झूम रेकॉर्डिंगचं रूपांतर सुरू करतं. मोठ्या सभेला त्यात बराच वेळ जातो. ते संपेपर्यंत लॅपटॉप मिटू नका. मध्येच बंद पडलाच तर ‘डॉक्युमेंट्स’ मधल्या ‘झूम’ फोल्डरात त्या तारखेच्या नावाखाली ‘डबल क्लिक टू कन्व्हर्ट’ नावाची फाइल राहते. त्यावर डबल क्लिक केलं की काम पुन्हा सुरू होतं. ती फाइल कचरा समजून पुसू नका, रेकॉर्डिंग तिच्यातच असतं.

व्हिडिओसोबत फक्त आवाजाची वेगळी फाइलही तयार होते. इतिवृत्त लिहिताना तीच ऐका, छोटी असते आणि कुठल्याही फोनवर चालते. पैसे भरलेल्या खात्यात झूमच्या संकेतस्थळावर ‘रिपोर्ट्स’ मध्ये कोण किती वाजता आलं आणि गेलं याची यादी मिळते. ती त्याच दिवशी उतरवून हजेरीपटासोबत लावा.

सगळं पेन ड्राइव्हवर आणि सोसायटीच्या ईमेलच्या ड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप कुणा सभासदाचा असेल तर झूम आणि ईमेल दोन्हींतून ‘साइन आउट’ करा. कोणती तार कुठे होती याचा फोटो काढून तो पुढच्या समितीच्या फाइलीत ठेवा. त्यावर मिक्सरच्या बटणांच्या जागाही दिसू द्या.